वना आबाने मोडलेली जोड

कुस्त्या बघायला आलेल्या शंभर माणसांपैकी नव्वदांना पहिलवान दिसतो, ढोल दिसतो, गदा दिसते. पहिलवानाच्या आधी आखाड्यात उतरलेला एक म्हातारा मात्र कोणालाच दिसत नाही. त्याला जोड लावणारा म्हणतात. आमच्या खान्देशातल्या दंगलीत कागदावर आधी ठरतात त्या शेवटच्या चार-पाच मोठ्या कुस्त्या. बाकीच्या सगळ्या जागेवर. ज्याला लढायचं त्याने लंगोट कसायचा, आखाड्यात उतरायचं आणि हात वर करून गोल फिरायचं. समोरून दुसरा तसाच फिरत येतो. मग जोड लावणारा दोघांना जवळ ओढतो, याचं मनगट दाबतो, त्याची मान चाचपतो, दोघांच्या खांद्यांवर थाप मारून बघतो. पटलं तर दोघांचे हात एकत्र धरून वर करतो आणि ओरडतो, "लागली!" नाही पटलं तर दोघांना परत फिरायला लावतो. वजनकाटा नाही, सही नाही, शिक्का नाही. आणि एकदा "लागली" म्हटलं की ती जोड कलेक्टर आला तरी मोडत नाही.

धुळ्याला पांझरेच्या काठावर चैत्रात जी दंगल भरते, तिथे हे काम एकेचाळीस वर्षं वना आबाने केलं.

वना आणि मी कुसुंब्याच्या शाळेत एका पाटावर बसलो. त्याचा बाप बैलबाजारात दलाली करायचा. उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे, ते काम. वना सुट्टीत बापाबरोबर जायचा आणि बैलाच्या खांद्यावर नुसता हात ठेवून सांगायचा, "हाऊ नांगरले चालस, गाडाले नही." एकदा आमच्या गुरुजींनी गंमत म्हणून त्याचे डोळे बांधले आणि वर्गातल्या आम्हा बावीस पोरांचे हात एकेक करून त्याच्या हातात दिले. पठ्ठ्याने बावीसच्या बावीस नावं बरोबर सांगितली. तेविसावा हात गुरुजींनी स्वतःचा दिला. वना म्हणाला, "हाऊ छडी मारनारा हात शे." गुरुजी इतके हसले की त्या दिवशी छडी उचललीच नाही. असो. मी एका गोष्टीतून दुसरीत शिरतो आणि बाहेर यायची वाट विसरतो, हे माझी नातसुद्धा सांगते.

वना पहिलवान म्हणून बेताचाच होता. धुळ्याला मिलमध्ये लागला आणि गल्लीतल्या तालमीत माती खेळू लागला. त्या काळात मिलचा भोंगा वाजला की पाळी सुटलेली माणसं घरी न जाता तालमीत जायची. गल्ली नंबर चारची तालीम, गल्ली नंबर सहाची तालीम, जुन्या धुळ्याची तालीम. रस्ते आखून, नंबर टाकून वसवलेलं शहर हे. पण आखलेल्या रस्त्यांच्या दोन बाजूंना दोन देश असावेत तशी भांडणं. चारच्या गल्लीतला माणूस सहाच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे दाढी करत नसे. का, तर दोन वर्षांपूर्वी चारचा पहिलवान सहाच्या पहिलवानाखाली आला होता आणि तो न्हावी हसला होता! आणि जळगावकरांचा ट्रक आला की मात्र चार, सहा, जुनं धुळं, सगळे एक. आम्ही म्हातारे अजून जळगावला पूर्व खान्देश म्हणतो आणि स्वतःला पश्चिम. पूर्ववाले केळीच्या ट्रकमधून यायचे, पश्चिमवाले त्यांना ओरडायचे, "केळं खाईसन कुस्ती व्हत नही रे भो!" तिकडून उत्तर यायचं, "तुम्ही ज्वारी खाऊन तरी कुठं मारली?"

हे प्रेमाचं भांडण होतं असं आता म्हणतात. मी होतो तिथे. डोकी फुटायची.

म्हणूनच जोड लावणारा असा लागायचा की ज्याचा शब्द दोन्ही बाजूंना चालेल. वना मिलमध्ये असताना धुळ्याच्याच दंगलीत एक कुस्ती हरला, तेव्हा पंचांनी त्याला बरोबरी देऊ केली होती. हा मातीतून उठून म्हणाला, "नही, मनी पाठ लागनी." स्वतःची पाठ मातीला लागली असं सांगणारा माणूस ट्रकमधल्या जळगावकरांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. पुढच्या वर्षी जुना जोड लावणारा आजारी पडला, तेव्हा त्यांनीच आरोळी दिली, "वना पहिलवानला बोलवा." तिथून तो अडकला.

अडकला म्हणतो ते उगाच नाही. मिल बंद पडली, तो कापसाच्या एका जिनिंगमध्ये रात्रपाळीचा वॉचमन झाला. चैत्र आला की दिवसभर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात दोनशे माणसांची मनगटं दाबायची. धुळ्याची, शिरपूरची, अमळनेरची, चाळीसगावची, एरंडोलची दंगल. जिथे जाईल तिथे हरलेल्या बाजूच्या शिव्या. घरी आला की कुंदावहिनी त्याच्या हातांना गरम तेल लावायच्या. बोटांचे सांधे आल्याच्या गाठींसारखे झालेले. त्या मला म्हणायच्या, "नाना, हाऊ मानूस घर येस, पन याना हात तठेच आखाडामा ऱ्हातस."

झोपेतसुद्धा तो त्यांचं मनगट दाबायचा म्हणे. एकदा झोपेत म्हणाला, "नही, तू परत फिर." वहिनी उठून बसल्या. "एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मला परत फिरवतो!"

आणि लोक विसरत नाहीत हो. चहाच्या टपरीवर बसा. तीस वर्षांपूर्वीच्या कुस्तीवर आजही कप आपटतात. "त्या दिवशी वनाने आमच्याला दोन किलो जड गडी दिला." "अरे जा, तुमच्याने सकाळी आठ केळी खाल्ली होती, तोच जड होता." दोघांपैकी एक पहिलवान मेलेला, दुसरा सुरतेला लेकाकडे गेलेला, आणि हे दोघे अजून ती कुस्ती सोडवतायत. वना तिथून सायकल हातात धरून मान खाली घालून जायचा.

त्याचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे पुना.

बावीस वर्षं झाली. एरंडोलकडची दंगल. पुना हे तिकडचं लाडकं पोरगं, वीस वर्षांचं, हलकं, चपळ. समोर एक मालेगावचा गडी फिरत होता, सव्वापट. वनाने दोघांची मनगटं धरली आणि त्याला कळलं की लागत नाही. पण चार हजार माणूस ओरडत होतं, "पुनाला द्या! पुनाला द्या!" पुना स्वतः म्हणत होता, "आबा, लावा ना." वनाने हात वर केले. दोन मिनिटांत पुनाचा उजवा खांदा निखळला, आणि नीट बसलाच नाही. आता पुनाची एरंडोलला रस्त्यावर पानाची टपरी आहे. सुपारी डाव्या हाताने कातरतो. वनाची बस तिथे थांबली की हा खाली उतरत नाही, तर तो पुनाच खिडकीशी येतो, पान देतो, म्हणतो, "आबा, तब्येत कशी शे?" एका शब्दाने कधी बोलला नाही. वना म्हणायचा, "नाना, त्यानी शिवी दिधी असती तर बरं व्हतं. पान तोंडमा फिरत नही."

एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळेल.

तीन वर्षांपूर्वी वनाच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेलेली नजर परत येत नाही. आधी कडेचं गेलं, मग समोरचं धुरकटलं. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात तो मला म्हणाला, "नाना, माले मानूस दिखस, पन मानूसनं तोंड दिखत नही."

"मग सोड आता," मी म्हटलं.

तो गेला होता सोडायला. दंगल कमिटीचे अध्यक्ष बन्सीलाल शेठ, आग्रा रोडला त्यांचं कापडाचं दुकान. गादीवर बसवलं, चहा मागवला. वनाने डोळ्यांचं सांगितलं नाही. गुडघे दुखतात म्हणाला.

बन्सीलाल म्हणाले, "आबा, तुम्ही गेलात तर जळगाववाले दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत. त्यांचा माणूस आणला तर आपले ऐकणार नाहीत. दंगल बंद पडेल. खुर्ची देतो, छत्री देतो. गुडघे दुखतात तर बसूनच लावा."

दुसऱ्या खेपेला तो कमरेचं कारण घेऊन गेला. शेठनी कमरेचा पट्टा आणून दिला. तिसऱ्या खेपेला वना नुसताच म्हणाला, "शेठ, मी थकी गऊ." बन्सीलाल म्हणाले, "आम्ही काय ताजे आहोत का?" आणि शाल घातली.

"अरे पण डोळ्यांचं खरं का नाही सांगत?" मी चिडलो.

वना म्हणाला, आणि हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, "आज सांगितलं तर विचारतील, कधीपासून. मग मागच्या साऱ्या कुस्त्या उकरतील. जे हरले ते म्हणतील, आंधळ्याने लावली होती. पोरांनी अंग मोडून मारलेल्या कुस्त्या, नाना. त्यांच्या गळ्यातल्या माळा काढतील हे लोक."

मग आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी एक लबाडी केली. मी आखाड्यात त्याच्या मागे छत्री धरून उभा राहायचो. समोर पहिलवान आला की हळूच सांगायचो, "उंच. तालमीचा. कान मोडलेले." कान महत्त्वाचे. वर्षानुवर्षं मातीत डोकं घासलं की पहिलवानाचे कान चिपून भज्यांसारखे होतात. कान बघितले की गडी किती मुरलेला ते कळतं. बाकीचं वनाचा हात सांगायचा. दोन चैत्र असे निभावले. एक जोड चुकली नाही. वना घरी येऊन भिंतीला टेकून बसायचा, जेवायचाही नाही. "आणखी एक साल," म्हणायचा. "देवानी आते माले सोडाले पाहिजे, पुना दुसरा व्हवाना आधी."

आणि यंदाच्या चैत्रात जे झालं, त्यात माझा वाटा आहे. लपवत नाही.

दुपारचे चार. पांझरेत पाणी नाही, नुसती तापलेली वाळू. तीस-बत्तीस जोड्या लागून गेल्या होत्या. वनाचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे. जळगावकडचे पाच गडी लागोपाठ चीत झाले होते. धुळ्याची पोरं नाचत होती, मोबाइल वर धरून फोटो काढत होती. जुन्या धुळ्याचा चंदन आखाड्यात फिरत होता. सव्वीस वर्षांचा, दहा वर्षं मातीत मुरलेला, ढाक मारण्यात हातखंडा. ढाक म्हणजे समोरच्याला बगलेत घेऊन डोक्यावरून फेकायचं. पडायचं कसं ते ज्याला ठाऊक नाही त्याने ढाकेपासून लांब राहावं. चंदनने तीन चकरा मारल्या तरी कोणी समोर येईना.

"या ना रे केळीवाले! का ट्रक सुरू करून ठेवला?" धुळ्याची पोरं ओरडली.

आता मी काय करत होतो, तर माझ्या पाठीमागे दोरीपलीकडे सावद्याचा एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, शहाऐंशी सालची शेवटची कुस्ती घिस्सा डावावर निकाली झाली. अहो, मी स्वतः पहिल्या रांगेत होतो! ती मोळी डावावर झाली होती. मी वळलो. छत्री त्याच मापाने वळली. "हे बघा, असा हात, इथून पाय..." मी त्याला मोळी समजावून सांगायला लागलो. अर्धी समजावली असेल, तेवढ्यात मागे आरोळी आली.

"लागली!"

वळून बघतो तर वनाने चंदनचा हात एका काळ्याशार, रुंद खांद्याच्या गड्याच्या हातात दिलेला. गड्याच्या डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, कानांवरून. मैदान उसळलं. जळगावकर ट्रकच्या टपावर चढले. चंदनला कोणीतरी मिळाला होता!

मी वनाजवळ सरकलो. "कोन शे?"

वना खुशीत होता. "नाना, काय मान शे! काय खांदा! दगड. पंधरा वरीसथून माती खेळेल शे हाऊ."

तो गडी वेस्ता. यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचा पाडा, वय चोवीस-पंचवीस. सावद्याला केळीच्या गाड्या भरायचं काम करायचा. तालमीचं तोंड त्याने कधी बघितलं नव्हतं. ट्रकमधून आला होता तो नुसता ओरडायला. पाच गडी पडले, पोरांनी टोमणे मारले, तसा हा उठला, कोणाचा तरी लंगोट मागून घेतला आणि हात वर करून आत आला. केळीचे घड वाहून वाहून त्याची मान आणि खांदा पहिलवानासारखा झालेला. दिवसाला दीड-दोनशे घड, प्रत्येक पंधरा-वीस किलोचा. वनाच्या हाताने खोटं सांगितलं नव्हतं. खांदा दगडच होता. त्या दगडाला मातीत पडायचं कसं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, वनालाही नाही. पंचाने दोघांच्या अंगावर माती टाकली. चंदनने शड्डू ठोकला. मांडीवर असा हात पडला की आवाज पांझरेच्या त्या काठावर गेला असेल. मग वेस्ताने शड्डू ठोकला.

वनाने झटकन मान वळवली.

तो शड्डू नव्हता. भजनात टाळी वाजवावी तशी ती एक थाप होती. तळहात सपाट पडला होता. तालमीत पहिल्या महिन्यात पोराला वस्ताद जे शिकवतो, तेच त्याला येत नव्हतं.

वना पुढे गेला. चंदन खडाखडीला, हात अजमावायला, वाकला होता. वनाने दोघांच्या मध्ये हात घातला, वेस्ताचं डोकं धरलं आणि फडक्याखाली बोटं सारली. कान! गुळगुळीत, नुकत्याच उगवलेल्या पानासारखा साबूत कान. मी वनाचं तोंड बघितलं. बावीस वर्षांपूर्वी एरंडोलच्या आखाड्यात बघितलं होतं, तेच.

"कितला वरीस माती खेळना रे?"

"नाही खेळलो," वेस्ता म्हणाला. "पण मी लढतो ना. सोडा."

"काय काम करस?"

"केळी भरतो. सोडा हो आबा, लोक बघतात."

वनाने चंदनचा हात खाली केला, वेस्ताचा हात खाली केला आणि म्हणाला, "हाई जोड मी मोडस."

असं काही असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मग मैदान एकदम फुटलं. जळगावकर ओरडले, "चंदनला वाचवला! चंदन भ्याला!" धुळेकर ओरडले, "म्हाताऱ्या, पूर्ववाल्यांनी किती केळी दिली?" पहिली चप्पल कुठून आली कळलं नाही, ती माझ्या छत्रीवर आपटली. बन्सीलाल शेठ धोतर सावरत धावत आले.

"आबा, हे काय? लागलेली जोड मोडतात का? लावा हात. वर करा दोघांचे. दंगल जाईल हातची."

"नही."

"अहो, मग कारण तरी सांगा मायकात. काहीही सांगा. पोट दुखतं म्हणा."

त्यांना वाटलं म्हातारा पुन्हा गुडघा-कंबर सांगेल. वनाने माइक घेतला. मी त्याचा दंड धरला. मला कळलं होतं तो काय बोलणार. त्याने माझा हात काढून बाजूला केला.

"भाऊसहो," तो म्हणाला, "माले दिखत नही. दोन वरीस व्हयनात. हाऊ गडी पहिलवान नही, केळी भरनारा शे. मना हात चुकना. जोड खोटी शे. त्यानामा त्यानी चूक नही, चंदननी चूक नही."

त्याला ज्याची भीती होती, तसंच झालं. मागच्या दोन वर्षांच्या साऱ्या कुस्त्या उठून बसल्या. "म्हणजे आमच्या विक्रमची कुस्ती आंधळ्याने लावली?" "मग ती बाद!" "बाद कशी? तुमच्याची पाठ सगळ्यांनी बघितली!" शिरपूरवाले अमळनेरवाल्यांच्या अंगावर गेले. बन्सीलाल शेठ कपाळाला हात लावून आखाड्याच्या कडेला बसले. मी मात्र चंदनकडे बघत होतो. तो मातीत उभा होता, कान लाल. पुढे आला आणि वनाच्या पाया पडला. म्हणाला, "आबा, मी ढाकच मारणार होतो." एवढंच. आणि निघून गेला.

पाया पडला नाही तो वेस्ता. त्याचे डोळे भरले होते रागाने.

"आबा, तुम्ही मला चार हजार लोकांत भेकड केलं."

"तुले नही. माले."

"ते तुमच्यासाठी. माझ्या ट्रकमध्ये मला आता काय म्हणतील? पडलो असतो तर पडलो असतो. दुसरा कोणी द्या. हात वर करून आलोय, तसाच नाही जाणार. माझ्यासारखाच एखादा द्या. लावा."

खरं सांगतो, मला वाटलं वना लावेल. दोन-तीन नवशिके गडी कडेला उभे होते. मी होतो, माझे डोळे होते, छत्री होती. मी म्हटलंसुद्धा, "वना, त्या शिंदखेड्याच्या पोराला लाव, मी बघतो ना." त्याचा उजवा हात उठला. सवयीने त्याने वेस्ताचं मनगट धरलं, अंगठ्याने दाबलं. एकेचाळीस वर्षांचा हात तो, त्याला कळत होतं कोण कोणाला लागेल. मग त्याने मनगट सोडलं.

"आते मी लावत नही," तो म्हणाला. "आजथून कोनलेच नही."

"मग मी घरी काय सांगू?"

"सांग, जोड लावनारा आंधया व्हता."

वेस्ताने डोक्याचं फडकं सोडलं, मागून घेतलेल्या लंगोटावरच पँट चढवली आणि तो तसाच दोरी ओलांडून ट्रककडे गेला. ट्रकमधून हसण्याचा आवाज आला. वनाला तो ऐकू आला. लढू दिलं असतं तर वनाला जास्त वाईट वाटलं असतं, की न लढू दिल्याचं जास्त वाटलं, हे मी विचारलं नाही.

पुढच्या कुस्त्या पाच जणांच्या कमिटीने लावल्या. दोन धुळ्याचे, दोन जळगावचे, मध्ये बन्सीलाल शेठ. एकेका जोडीला वीस मिनिटं. एक म्हणे जड आहे, दुसरा म्हणे हलका आहे. कुठल्या तरी किराणा दुकानातून गव्हाचा काटा आणला, तो मातीत वाकडा बसला, त्यावरून वेगळं भांडण. मी वनाला धरून लोकांत आणलं. सावद्याच्या त्याच म्हाताऱ्याने सरकून जागा दिली. शिव्या देणारे आजूबाजूलाच होते, पण माणूस बाजूला येऊन बसला की शिवी देणं जड जातं. एकाने पाण्याची बाटली पुढे केली. दुसरा म्हणाला, "आबा, दोन सालापूर्वीच्या विक्रमच्या कुस्तीचं खरं सांगा, ती बरोबर होती ना?"

"बरोबर व्हती," वना म्हणाला. "हात तेव्हा चुकना नही."

"बघ, मी सांगत नव्हतो?" तो माणूस दुसऱ्याला म्हणाला, आणि ते दोघे तिकडे वळून भांडत बसले.

एकेचाळीस वर्षांत वना दंगलीत पहिल्यांदा खाली बसला होता. चप्पल काढून त्याने पाय लांब केले. मी त्याला सांगायला लागलो, समोर कोण आहे, कुणी कुणाचा पट काढला, म्हणजे पाय ओढला, कोण घिस्सा ओढतोय. मला तर सांगायचा सोसच. शेवटची मोठी कुस्ती लागली तेव्हा ढोल, हलगी, शिट्ट्या, सगळं एकदम सुरू झालं. चार हजार माणूस उभं राहिलं. मीही उभा राहत होतो, पण खांद्यावर वजन आलं. वनाचं डोकं.

तो झोपला होता. तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, बोटं सैल. कोणाचं मनगट दाबत नव्हती. मग मी बसूनच राहिलो. समोर माणसांच्या पाठी होत्या, मला काहीच दिसलं नाही. माझ्या आयुष्यात मी न बघितलेली ती एकच शेवटची कुस्ती. सावद्याचा म्हातारा वरून ओरडून सांगत होता, "घिस्सा! घिस्सा!" आणि मी खालून त्याला म्हणत होतो, "हळू बोला हो, माणूस झोपला आहे."

रिक्षातून घरी नेताना मी वनाला कोण जिंकलं ते सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.